बिनफ्लॅशचं बारसं

माझं शिक्षण चौथी, तीसुद्धा अर्धी. अपूर्णांकांच्या पाढ्यांत पावकी आली, निमकी आली, सवायकीला अडखळलो आणि दिडकीला मास्तरांनी हातावर छडीचे वळ उठवले, तेव्हा पाटी बाकावर ठेवून बाहेर पडलो तो परत त्या शाळेत पाय ठेवला नाही. वडिलांनी बडवलं, आईनं समजावलं. नाही म्हटलं म्हणजे नाही. आज पासष्टी ओलांडली तरी मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण पुढे रत्नागिरी सोडून मुंबईत आलो आणि दादरच्या एका फोटो स्टुडिओत लागलो, तिथे मी जो पाढा पाठ केला तो त्या मास्तरांना जन्मात आला नसता. एक-चार, दोन, दोन-आठ, चार, पाच-सहा, आठ, अकरा, सोळा. लेन्सच्या भोकाचा पाढा; एक-चार म्हणजे एक पॉइंट चार. आकडा वाढला की भोक बारीक, दर घराला उजेड बरोबर निम्मा होतो. आठानंतर अकरा का, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. झोपेतून उठवून विचारा, सांगेन.

गंमत अशी की पाढ्याचं पहिलं घर, एक-चार, मी नुसतं तोंडानं म्हणत आलो होतो. आमच्या स्टुडिओतल्या लेन्सा दोन-आठपासून सुरू व्हायच्या. एक-चारची काच फार मोठी असते, दिवा नसला तरी फोटो निघतो, असं मालक सांगायचे. आम्ही ऐकायचो.

आणि मी फोटो काढणारा नव्हतोच. मी डार्करूमवाला. पस्तीस वर्षं लाल दिव्याखाली दुसऱ्यांनी काढलेले फोटो धुतले. लग्नं, मुंजी, बारशी, मयतं, सगळी माझ्या हातून पाण्यातून वर आली. कॅमेऱ्याला हात लावायचा तो फक्त पुसायला. लग्नानंतर बारा वर्षांनी आम्हाला मुलगी झाली, तिच्या बारशाला मालक स्वतः आले, फुकट आले, आणि त्यांनी फ्लॅश मारून फोटो काढले. त्या रात्री रोल मीच धुतला. पोरीचा चेहरा खडूसारखा पांढराफटक, नाक नाही, गाल नाही, डोळे घट्ट मिटलेले. दुसऱ्या दिवसापासून हाताची सावली करून, कमी-जास्त उजेड देऊन मी त्या एका फोटोच्या तीस प्रिंटा काढल्या. पण निगेटिव्हमध्ये जे नाहीच ते कागदावर कुठून आणणार? तो फोटो मी कधी भिंतीवर लावला नाही.

स्टुडिओ बंद झाल्यावर आम्ही भाईंदरला आलो, पूर्वेला, जेसल पार्कच्या बाजूला. मुलीला नोकरी लागली, लग्न झालं, आणि तिनं मला एक डिजिटल कॅमेरा घेऊन दिला. मोठा, लेन्स बदलता येणारा. "बाबा, आता धुवायची भानगडच नाही," म्हणाली. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी खिडकीतल्या कावळ्याचा फोटो काढला, तो मागच्या पडद्यावर लगेच आला, आणि मी एकटाच ओरडलो, "अगं ए, बघ!" बायको पोळ्या टाकून धावत आली. तिला वाटलं मी पडलो.

तीच मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आणि आम्हाला नात झाली.

तिसऱ्या दिवशी विहीणबाई बाळाला बघायला आल्या. बाई कर्तबगार, आवाज मोठा, पदर कायम खांद्यावर पिन लावलेला. बाळाला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "बाराव्या दिवशी बारसं तुमच्याकडे. शूटिंगवाला आमचा येईल. दोन मोठे लाइट घेऊन येतो, फोटोवाला वेगळा. सगळं ठरवलंय."

मी म्हटलं, "माझ्या घरात ह्या पोरीच्या डोळ्यांवर कोणी लाइट मारणार नाही."

जावई खोकले.

"मग काय अंधारात काढायचे फोटो?"

"अंधार कशाला? खिडकी आहे. ट्यूबलाइट आहे."

"आणि काढणार कोण?"

"मी."

विहीणबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही स्टुडिओत होतात, ते माहितीय मला. फोटो धुवायला होतात ना?"

धुवायला. शब्द खरा होता, म्हणूनच लागला. मी म्हटलं, "धुतले म्हणूनच कळतं काय खराब होतं ते."

"हे बघा व्याही," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज खाली आला होता, "माझी लेक पहिल्यांदा आत्या होतेय. ती नाव ठेवणार. बारसं काही परत होत नाही. फोटो बिघडले तर मी कुठून आणू?"

"बिघडणार नाहीत."

"शब्द?"

"शब्द."

त्या गेल्या, आणि मी कॅमेरा काढला. दुपारचे चार वाजले होते, म्हणजे बारशाच्या वेळेचाच उजेड. समोरची बिल्डिंग आमच्या खिडकीला इतकी चिकटलेली की चारलाच घरात संध्याकाळ. बाळ झोपलं होतं. फ्लॅश बंद करून दहा फोटो काढले. सहा काळे आणि चार हललेले, हवेतल्या धुरासारखे. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स ती. लांबचं जवळ करते, जवळचं लांब करते, पण तिचं भोक अगदी बारीक, जवळ ओढलं की पाच-सहा. मुलगी बिछान्यावरून बघत होती. "बाबा, राहू दे ना. त्यांचा फोटोवाला येऊ दे. मी सांगते त्यांना, तुमची तब्येत..."

"माझी तब्येत ठणठणीत आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिन रोडवरच्या फोटो लॅबमध्ये गेलो. तिथला मालक तिशीतला गुजराती, गळ्यात चष्म्याची दोरी. मी फोटो दाखवले.

"अंकल, कैमरा अच्छा है, लेन्स स्लो है. आपको फास्ट प्राइम चाहिए."

मला ते शब्द माहीत होते, पण त्याच्या तोंडून ऐकून हुरूप आला. प्राइम म्हणजे झूम नाही, एकच अंतर, मागेपुढे आपण व्हायचं. आणि फास्ट म्हणजे भोक मोठं, उजेड धो धो आत, त्यामुळे फोटो झटकन उरकतो, हलत नाही. नवी मागवायची तर पंधरा-वीस दिवस लागतील म्हणाला. माझ्याकडे होते आठ.

"पुराना चलेगा क्या? मेरे पास नहीं है. मुर्धा में एक काका हैं, पहले शादी के फोटो निकालते थे. उनके पास पचास एमएम का एक लेन्स है, वन पॉइंट फोर. लेकिन अंकल, पहले बता देता हूँ. आपके कैमरे पे लगेगा, चलेगा नहीं."

"लगेगा पण चलेगा नहीं म्हणजे काय?"

"मतलब मीटर नहीं चलेगा, कितना उजाला है कैमरा नहीं बताएगा. फोकस भी हाथ से. ऑटो सब बंद."

मी यातलं काहीच ऐकत नव्हतो. वन पॉइंट फोर. एक-चार! पाढ्याचं पहिलं घर, आणि ते मुर्ध्याला, बसनं अर्ध्या तासावर! घरी येईपर्यंत माझा हिशेब चालला होता. पाच-सहावरून चार, दोन-आठ, दोन, एक-चार. चार घरं. दर घराला दुप्पट. दोन, चार, आठ, सोळा. सोळा पट उजेड!

बायको भाजी निवडत होती. मी दारातूनच म्हटलं, "फास्ट लेन्स मिळतेय. चार स्टॉप फास्ट."

"फास्ट?" ती म्हणाली. "म्हणजे भाईंदरला थांबत नाही का?"

"चेष्टा नको. स्टॉप म्हणजे भोकाचं माप."

"चार स्टॉप सोडून जाते म्हणजे फास्टच झाली की. जा, पण जेवून जा."

जेवलो नाही. पूल ओलांडून पश्चिमेला गेलो, उत्तनकडे जाणारी बस पकडली आणि मुर्ध्याला उतरलो. खाडीचा वारा खारट, रस्त्याच्या एका बाजूला जुनी कौलारू घरं, दुसऱ्या बाजूला विटांचे ढीग आणि अर्धवट बिल्डिंगा. दोन ठिकाणी विचारल्यावर घर सापडलं. ओटीवर माझ्याच वयाचा एक म्हातारा बनियनवर बसला होता.

"कोन पायजे?"

"केबिन रोडच्या लॅबवाल्यानं पाठवलंय. लेन्ससाठी."

"लेन्स हाय. द्याची का न्हाय ते मी ठरवनार. कॅमेरा दाव."

मी पिशवीतून कॅमेरा काढला. त्यानं तो हातात घेतला, फिरवला आणि जेवणात केस सापडावा तसं तोंड केलं. "डिजिटल! न्हाय द्याची. ह्याच्यावं चालत न्हाय ती."

"चालवणारा मी आहे."

"मीटर बंद पडंल."

"मीटर डोक्यात आहे माझ्या."

"आसं?" तो उठला, आत जाऊन एक जुनं हातातलं मीटर घेऊन आला, मुठीत झाकून धरलं. "चारशेची फिल्म हाय समज. भोक दोन-आठ. ह्या ओटीवं स्पीड किती?"

मी एकदा आजूबाजूला बघितलं. पाढा अडला म्हणून शाळा सोडलेला माणूस मी, पण ही परीक्षा मला आवडली. "साठ," मी म्हटलं, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग.

त्यानं मीटर भिंतीकडे धरलं, बघितलं आणि खूश होऊन ओरडला, "चुकला! एकशे पंचवीस!"

"तुम्ही चुन्याची भिंत मोजलीत," मी म्हटलं. "मी तुमच्या तोंडाचा सांगितला."

तो थांबला. मग मीटर स्वतःच्या गालाजवळ धरलं, डोळे बारीक करून काटा बघितला आणि असा हसला की आतून त्याची बायको बाहेर आली. "साठ! आगो, साठच हाय! मी काला हाय म्हनून साठ!"

मग तो मला आत घेऊन गेला. मला वाटलं कपाट उघडेल. त्यानं तांदळाचा मोठा डबा ओढला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. तिथल्या खाऱ्या हवेनं काचेला बुरशी लागते. तांदूळ ओल ओढून घेतात, म्हणून ती लेन्स कितीतरी वर्षं तांदळात पुरलेली. फडक्याची गाठ सुटली. काळं धातूचं अंग, कडेला रंग उडून पितळ दिसतंय, आणि पुढे ती काच. एवढी मोठी! हिरवट-जांभळी चमक, पाण्यानं काठोकाठ भरलेल्या वाटीसारखी. कडेला कोरलेलं एक पॉइंट चार.

"तांदूल सांडू नको, ते परत डब्यात टाक!" त्याची बायको ओरडली. "लेन्स इकतोय का भात?"

मी लेन्स खिडकीकडे धरून आरपार बघितलं. बुरशीचा एक धागा नाही. भोकाची कडी फिरवली, तर प्रत्येक घराला कट्, कट्, कट् असा आवाज. एक-चारवर आणली आणि आतल्या पात्या पूर्ण मागे सरून गोल, स्वच्छ भोक उघडलं. माझा पाढा कोणीतरी पितळेत घडवून ठेवला होता आणि मी तो बोटानं म्हणत होतो.

पैशांचं आमचं दोन वाक्यांत मिटलं. निघताना तो म्हणाला, "एक सांगतो. भोक बारीक करून वापरू नको. एक-चारवंच वापर. न्हायतर कशाला नेतोस?"

"फोकस अवघड जाईल."

"जाईल तर! म्हनून तर तुला दिली."

बसमध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो. शेजारच्या माणसानं विचारलं, "काका, काय आहे, मासे?" मी म्हटलं, "हो, मोठा मासा आहे."

घरी लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि डोळा लावला, तर आमचं काळवंडलेलं घर एकदम उजळलेलं दिसलं. पण पहिली अडचण लगेच कळली. ह्या डिजिटलवर ती लेन्स आणखी जवळून बघते. हॉलमध्ये उभा राहिलो तर नुसता पाळण्याचा अर्धा कठडा. मागे सरलो, स्वयंपाकघरात गेलो, मोरीच्या उंबऱ्यावर उभा राहिलो, तेव्हा कुठे पूर्ण पाळणा मावला.

"आता बारशाला तुम्ही मोरीत उभे राहणार?" बायको म्हणाली.

"फोटो चांगला येणार असेल तर मोरीत काय, माळ्यावर बसेन."

दुसरी अडचण मोठी. एक-चारवर फोकस म्हणजे सुरीची धार. जवळून काढताना डोळा स्पष्ट आला तर कान पुसट, कान आला तर डोळा गेला. आणि पाळणा तर हलणार! बाळावर सराव करणं शक्य नव्हतं, बायकोनं स्पष्ट सांगितलं, "तिला झोपू द्या." मग मला वरवंटा आठवला. बारशाला तसाही बाळाच्या आधी वरवंट्याला पाळण्यात घालतात, झबलं-टोपडं घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात. तोच घेतला. झबलं चढवलं. फोकस कशावर करायचा म्हणून काजळानं दोन डोळे काढले.

बायको दोरी ओढता ओढता हसून कोलमडली. "दगडाला डोळे काढलेत. नाव काय ठेवलंत?"

"आधी बारसं तर होऊ दे."

पहिला फोटो काळा, दुसरा पांढरा. मग उजेडाचा अंदाज बसला. पण फोकस? चार दिवस रोज तास-तास वरवंट्याचे फोटो काढले. जावई एकदा येऊन पडद्यावर बघून गेले, झबल्यातल्या वरवंट्याचे शंभर-सव्वाशे फोटो. चहासुद्धा घेतला नाही. मुलगी रात्री म्हणाली, "बाबा, सासूबाईंना कळलं तर?" तिचा आवाज असा होता की मला हसू आलं नाही. मी शब्द दिला होता, पण तो फुकट गेला तर ऐकून मात्र तिला घ्यावं लागणार होतं.

शेवटी एक युक्ती काढली. कॅमेऱ्याच्या आत खाली कोपऱ्यात एक हिरवा ठिपका लागतो. फोकस बसला की पेटतो, सुटला की विझतो. लॅबवाल्यानं सांगितलं होतं, मी म्हटलं होतं मला ठिपक्याची गरज नाही. आता गरज होती. मोरीच्या उंबऱ्यावरून पाळणा मधोमध आला की ठिपका पेटायचा, त्याच क्षणी बटण. फोकसच्या कडीवर चिकटपट्टीची खूण केली. दहापैकी सहा फोटो बरोबर. वरवंट्याच्या डाव्या डोळ्यातलं काजळ पसरलेलं होतं तेसुद्धा दिसलं. मी तयार होतो.

बाराव्या दिवशी दुपारीच घर भरलं. मी एकटाच मोरीच्या उंबऱ्यावर कॅमेरा घेऊन उभा, नवा सदरा घालून. पुरुष मंडळी गॅलरीत आणि खाली बिल्डिंगच्या दारात गेली, तशी पद्धतच आहे, बारसं बायकांचं. आणि तिथेच मी चुकलो. पस्तीस वर्षं बारशाचे फोटो धुतले, त्यात नेहमी पाळणा दिसला, बाळ दिसलं, आत्या दिसली. फोटो काढणारा कुठे उभा होता ते फोटोत कधी दिसत नाही. बायका पाळण्याभोवती अशा गोल उभ्या राहिल्या की मला मोरीतून दिसत होत्या फक्त पाठी आणि गजरे. वरवंटा गेला खालून-वरून, मला दिसला नाही. बाळाला पाळण्यात ठेवलं, मला दिसलं नाही.

"जरा बाजूला व्हा," मी म्हटलं. कोणी ऐकलं नाही.

विहीणबाईंनी मान वळवून मला मोरीत बघितलं. "व्याही, तिथून येतायत फोटो?" त्यांच्या डोळ्यात राग नव्हता. भीती होती. आत्या, त्यांची लेक, हिरव्या शालूत पुढे झाली होती.

तेवढ्यात माझ्या बायकोनं त्या कड्यात हात घातला, दोघींना बाजूला केलं आणि मला दंडाला धरून आत ओढलं. "बसा." तिनं पाट सरकवला. मी बायकांच्या मधोमध, पाळण्यापासून दोन हातांवर, गुडघे मोडून खाली बसलो. आजूबाजूला नुसत्या निऱ्या.

चिकटपट्टीची खूण आता कवडीच्या कामाची नव्हती. डोळा लावला. नातीचा चेहरा फ्रेमभर. डोळे टक्क उघडे! पाळणा माझ्याकडे यायचा, ठिपका पेटायचा, मागे जायचा, विझायचा. पेटला, विझला, पेटला, विझला. एवढ्या जवळून बोट पोहोचेपर्यंत क्षण गेलेला. आत्या वाकायला लागली. माझ्या कपाळावर घाम. कडी फिरवून पाठलाग करायला गेलो तर आणखी बिघडलं.

मग मी कडी सोडून दिली आणि स्वतःच हलायला लागलो. पाळणा पुढे आला की मी मागे, पाळणा मागे गेला की मी पुढे. दोरीच्या तालावर, कमरेतून, बसल्या बसल्या. आणि ठिपका पेटला तो पेटलेलाच राहिला! अंतर बदलेचना! बाळ हलतंय, मी हलतोय, आमच्या दोघांमध्ये मात्र काही हलत नाही.

बायका हसायला लागल्या. "आजोबांना पण जोजवायला लागतंय!" "अगं, दुसरी दोरी बांधा ह्यांना!" मी कुणाला उत्तर दिलं नाही. डोळा काढला असता तर सगळं गेलं असतं.

आत्यानं तोंड बाळाच्या कानाशी नेलं. "कुर्रर्र..." आणि नाव सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. पाठीत धपाधप धपाटे पडले, आत्या चार बोटं पुढे ढकलली गेली, बाळानं दचकून डोळे आणखी मोठे केले, आणि मी बटण दाबत राहिलो, मागेपुढे होत, तोंडानं काहीतरी बडबडत. बायको नंतर म्हणाली, मी पाढा म्हणत होतो. मला आठवत नाही.

उठता येईना. दोघींनी हात दिला. कॅमेरा मी मुलीकडे दिला, कारण चष्मा घालून त्या छोट्या पडद्यावर बघायचं माझं धाडस नव्हतं. ती एकेक बघत गेली. "हा हललाय. हा पण. ह्यात आत्याचं नाक आहे नुसतं." मी भिंतीकडे बघत होतो. मग ती थांबली. "आई, इकडे ये." तिची आई गेली. "आई, तुम्ही पण या ना." हे सासूला.

विहीणबाई गेल्या, चष्मा लावला. मुलीनं बटण दाबून फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. शेवटी माझ्यानं राहवलं नाही, मी पण गेलो.

पापण्या मोजता येत होत्या. खालच्या ओठावर लाळेचा एक थेंब, आणि त्या थेंबात आमची खिडकी. गाल गालासारखे, नाक नाकासारखं. कानाशी आत्याचे ओठ, नाव अर्धं उच्चारलेलं, आणि पलीकडे धपाटे मारणारे हात आणि सगळ्या साड्या रंगारंगात विरघळून गेलेल्या. चाळीसपैकी असे सात निघाले. बाकीचे मी कोणाला दाखवलेले नाहीत.

"मागचं असं पुसट का दिसतंय?" विहीणबाई म्हणाल्या.

"भोक मोठं आहे म्हणून."

त्या पडद्यावर आणखी वाकल्या. "हिला नाव सांगतेय ते दिसतंय," म्हणाल्या. "ऐकू येतंय असं वाटतंय." मग चष्मा काढून पदरानं पुसला. मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलतील. त्या उठल्या, खुर्ची उचलली, खिडकीजवळ नेऊन ठेवली, तिच्यावर ताठ बसल्या आणि पदराची पिन नीट केली.

"माझे फ्लॅशमध्ये डोळेच मिटतात हो," त्या म्हणाल्या. "लग्नापासून एक फोटो धड नाही. माझा काढा."

मी कॅमेरा घेतला. पेढे वाटणारी माणसं थांबली. मी दोन पावलं मागे झालो, मग एक पुढे.

"हलू नका, विहीणबाई."

"नाही हलत. पण तुम्ही हलताय."

"मी हललो तर चालतं," मी म्हटलं, आणि ठिपका पेटला.